फाइलीची ओळख : नाव, परवाना आणि पहिली ओळ

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि मला लगेच दोन फोन आले. विषय होता 'स्क्रिप्ट शोधणारी छोटी साधनं'. एका जुन्या विद्यार्थिनीला वाटलं, सर यंदा मोडी लिपीवर बोलणार. दुसऱ्या एका मित्राने विचारलं, "नाटकाची संहिता हरवली का?" त्यातल्या त्यात मित्र जवळ पोचला होता. संगणकाच्या जगात स्क्रिप्ट म्हणजे लिपी नव्हे, संहिताच. संगणकाने एकामागून एक काय करायचं ते साध्या अक्षरांत लिहून ठेवलेली फाइल. तिचं यंत्रभाषेत रूपांतर केलेलं नसतं. दुसरा कुणी कार्यक्रम ती ओळीओळीने वाचतो आणि त्याबरहुकूम काम करतो. त्या वाचणाऱ्याला इंटरप्रिटर म्हणतात, आपण त्याला दुभाष्या म्हणू.

आता एका तत्त्वज्ञानाच्या मास्तराला या भानगडीत पडायचं कारण काय? कारण घरगुतीच आहे. आमच्या संस्कृत विभागातले एक सहकारी वारले. न्यायशास्त्रातल्या पारिभाषिक शब्दांचा एक कोश त्यांनी वर्षानुवर्षं संगणकावर टाइप केला होता, तोही नव्वदच्या दशकातल्या जुन्या फाँटमध्ये. त्यांची मुलगी पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाबांचं सगळं यात आहे, पण काहीच वाचता येत नाही." फाइल उघडली तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. एक देवनागरी अक्षर दिसेल तर शपथ.

असं का होतं, ते दोन वाक्यांत सांगतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण ती आपल्या टेबलावर पोचायला पुष्कळ वर्षं गेली. तोपर्यंतचे फाँट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवत : काना एका क्रमांकावर, अर्धा 'त' दुसऱ्यावर. तो फाँट नसेल तर मागची रोमन अक्षरं उघडी पडतात. शिवाय ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटमध्ये ती आधी टाइप होई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. म्हणजे नुसती अक्षरास अक्षर अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो.

हे काम करणारी एक स्क्रिप्ट एका विद्यार्थ्याने सरांना लिहून दिली होती, एवढं मुलीला आठवत होतं. तिचं नाव आठवत नव्हतं. पेनड्राइव्हवर कित्येक हजार फाइली. त्यातली ही एक सापडली तर कोश वाचता येणार, नाही तर नाही. या शोधात मला जो इतिहास भेटला, तो आज तुम्हाला सांगायचा आहे.

सुरुवात करू साठच्या दशकापासून. अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची व्यवस्था होती. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वाटून वापरायचा, हा प्रयोग तिथे १९६१ साली करून दाखवला गेला. तिथे लुई पूझाँ नावाचे फ्रेंच अभियंते काम करत होते. रोज त्याच त्या आज्ञा टाइप करायचा त्यांना कंटाळा आला. (कंटाळा ही शोधाची जननी, असं मी वर्गात नेहमी सांगत असे.) त्यांनी रनकॉम नावाचा कार्यक्रम लिहिला. आज्ञा एका फाइलीत लिहून ठेवा, रनकॉम त्या ओळीने चालवील. झाली स्क्रिप्ट. आजही युनिक्सवर अनेक फाइलींच्या नावांत शेवटी 'आरसी' ही दोन अक्षरं दिसतात, ती या रनकॉमची आठवण आहे. आज्ञा घेणाऱ्या कार्यक्रमाला 'शेल', म्हणजे कवच, हा शब्दही पूझाँ यांचाच.

सीटीएसएसमध्ये प्रत्येक फाइलीच्या नावाचे दोन भाग असत. पहिला तिचं नाव, दुसरा तिचा प्रकार. व्यक्तीचं नाव आणि आडनाव असावं तसं. आडनावावरून घराणं कळावं ही अपेक्षा.

पुढे १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं. तिथे त्यांनी एक मोठा तात्त्विक निर्णय घेतला. मी 'तात्त्विक' म्हणतो ते उगाच नाही. त्यांनी ठरवलं की व्यवस्थेच्या दृष्टीने फाइल म्हणजे बाइटांची एक सरळ रांग, बस्स. पत्र असो, कार्यक्रम असो, हिशेब असो, व्यवस्थेच्या गाभ्याला त्यातला भेद माहीत नाही. नावाच्या शेवटी टिंब देऊन प्रकार लिहायची पद्धत होती, पण ती माणसांच्या आणि काही साधनांच्या सोयीसाठी. गाभा तिकडे बघत नसे. सगळ्या फाइली समान. फार मोकळी व्यवस्था! पण जिथे जात विचारायचीच नाही असं ठरवलं, तिथे उद्या कुणी विचारलं, "यातल्या स्क्रिप्ट कोणत्या?", तर उत्तर कुठून आणायचं?

फाइल चालवायची वेळ आली की गाभ्याला थोडं तरी बघावंच लागे. तेव्हा तो दोन गोष्टी बघे. एक, फाइलीला चालवण्याचा परवाना आहे का. वाचणे, लिहिणे, चालवणे अशी परवानगीची वेगवेगळी चिन्हं प्रत्येक फाइलीच्या नोंदीत असत. दोन, फाइलीच्या आरंभी ठरावीक संख्या आहे का. पीडीपी-११ या यंत्रावर बरीच वर्षं ती संख्या होती अष्टमान पद्धतीतली ०४०७. गंमत अशी की ही संख्या म्हणजे त्या यंत्राची एक खरीखुरी आज्ञा होती : 'पुढचे सात शब्द ओलांडून उडी मार'. फाइलीचा मथळा आठ शब्दांचा होता, त्यामुळे उडी बरोबर मथळ्यापलीकडे, खऱ्या कार्यक्रमावर पडे. सोयीसाठी टाकलेली आज्ञा पुढे ओळखीची खूण झाली. अशा संख्यांना नाव पडलं 'मॅजिक नंबर'.

आणि स्क्रिप्ट? तिच्या आरंभी अशी संख्या नसणारच, ती तर साधी अक्षरं. गाभा म्हणे, "हे मला चालवता येत नाही." मग शेल म्हणे, "परवाना आहे पण यंत्रभाषा नाही, तर ही माझ्याच आज्ञांची फाइल असणार," आणि ती वाचायला घेई. म्हणजे स्क्रिप्टची ओळख नकारातून होत होती : जी यंत्रभाषा नाही ती स्क्रिप्ट. आपल्याकडे 'नेति नेति' आहे खरं, पण रोजच्या व्यवहारात असं ओळखणं फार काळ पुरत नाही.

याच काळात दोन साधनं आली. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत 'फाइल' नावाची आज्ञा आली. कुठलीही फाइल तिच्यापुढे टाका, ती आतला सुरुवातीचा मजकूर चाचपून सांगते : हा यंत्रभाषेतला कार्यक्रम, हा सी भाषेतला, हा इंग्रजी मजकूर. नाव बघत नाही, आत बघते. आणि १९७४ च्या पाचव्या आवृत्तीत 'फाइंड' आली. ती बेल प्रयोगशाळेतल्याच दुसऱ्या गटातल्या डिक हेट यांनी लिहिली होती. एका डिरेक्टरीपासून निघायचं, तिच्या पोटातल्या डिरेक्टऱ्या, त्यांच्या पोटातल्या, असं तळापर्यंत जायचं आणि प्रत्येक फाइलीला प्रश्न विचारायचे. नाव असं आहे का? परवाना आहे का? अमुक दिवसांत बदलली का? हे प्रश्न 'आणि', 'किंवा', 'नाही' यांनी जोडता येतात. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला ही आज्ञा बघून घरी आल्यासारखं वाटतं. युनिक्सच्या मूळ मंडळींना तिची लिहिण्याची पद्धत काही आवडली नव्हती, पण उपयोग एवढा होता की ती राहिली. जुन्या फाइंडची एक खोड होती. शेवटी 'छाप' असं स्पष्ट सांगितलं नाही तर सगळं शोधून झाल्यावर ती गप्प बसे. सापडलं, पण तुम्ही विचारलं कुठे? पुढे मानकांनी ही खोड काढली.

दोन्ही साधनं जोडली की आपलं छोटं साधन तयार झालं. फाइंडने फाइली गोळा करायच्या, फाइलने त्यांचा प्रकार सांगायचा, आणि ग्रेप नावाच्या तिसऱ्या आज्ञेने 'स्क्रिप्ट' असा शेरा असलेल्या ओळी निवडायच्या. एकीचं निघालेलं दुसरीत ओतायची नळी, म्हणजे पाइप, युनिक्समध्ये १९७३ साली आली. त्यामागची कल्पना डग मॅक्इलरॉय यांची.

पण एक अडचण होती. १९७९ ची सातवी आवृत्ती घ्या. तिच्या माहितीपुस्तकात फाइल या आज्ञेच्या पानावर, दोषांच्या रकान्यात, तिच्या कर्त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं आहे की ही आज्ञा वारंवार चुकते, आणि विशेष म्हणजे आज्ञांच्या फाइलींना पुष्कळदा सी भाषेतले कार्यक्रम ठरवते. बघा! नेमकी आपल्याला हवी तीच गोष्ट तिला ओळखता येत नव्हती. आणि दोष कुणाचा? आज्ञेचा नाही. स्क्रिप्टच्या अंगावर तिची अशी खूणच नव्हती.

त्यातच शेल दोन झाले. बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह बोर्न यांचा आणि बर्कलीला बिल जॉय यांचा सी शेल. दोघांची भाषा वेगळी. आता 'यंत्रभाषा नाही म्हणजे माझी' हे दोघेही म्हणणार. सी शेलने एक तोडगा काढला : फाइलीचं पहिलं अक्षर '#' असेल तर ती माझी, नसेल तर बोर्न शेलची. तात्पुरती सोय झाली. पण तिसरी भाषा आली तर?

जानेवारी १९८० मध्ये डेनिस रिची यांनी एका निरोपात आपल्या व्यवस्थेतला बदल कळवला. फाइलीची पहिली दोन चिन्हं '#!' असतील, तर त्या ओळीत पुढे दुभाष्याचा पूर्ण पत्ता आहे असं गाभ्याने समजावं, त्या दुभाष्याला बोलवावं आणि फाइल त्याच्या हाती द्यावी. कल्पनेचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं नाही. बर्कलीच्या व्यवस्थेतही ती लवकरच गेली. बहुतेक दुभाषे '#' ने सुरू होणारी ओळ टिप्पणी समजून सोडून देतात, त्यामुळे ही ओळ कुणाच्या वाटेत येत नाही. बोलताना तिला 'शिबँग' म्हणतात. आज लिनक्सवर असो, मॅकवर असो, ही दोन चिन्हं तेच काम करतात.

याचा अर्थ काय झाला? स्क्रिप्टला प्रथमच भावरूप लक्षण मिळालं. 'जी अमुक नाही ती' असं न म्हणता, 'जिच्या आरंभी हे आहे ती' असं म्हणता येऊ लागलं. फाइल या आज्ञेचंही काम सोपं झालं. पुढे अशा सगळ्या खुणांची यादी कार्यक्रमाच्या बाहेर, वेगळ्या फाइलीत ठेवायची पद्धत आली. कॅनडातल्या इयन डार्विन यांनी १९८६-८७ च्या सुमारास फाइलची मुक्त आवृत्ती लिहिली. आपण लिनक्सवर वापरतो ती याच वंशातली.

आता माझ्या प्रांतात येतो. आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचं लक्षण 'तांबूस रंग' असं केलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. 'शिंगं असणं' असं केलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'एक खूर असणं' असं केलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. स्क्रिप्ट शोधणाऱ्या साधनाकडे याच नजरेने बघा.

नावावरून शोधलं, म्हणजे टिंबापुढे 'एसएच' किंवा 'पीएल' आहे का बघितलं, तर नुसतं नाव असलेल्या स्क्रिप्ट सुटतात. अव्याप्ती. परवान्यावरून शोधलं तर यंत्रभाषेतले कार्यक्रमही जाळ्यात येतात. अतिव्याप्ती. ग्रेपला सांगितलं की '#!' ने सुरू होणारी ओळ ज्या ज्या फाइलीत आहे ती दे, तर स्क्रिप्ट कशी लिहावी हे शिकवणारा एखादा लेखही येतो, कारण त्याच्या मधल्या ओळीत उदाहरण असतं. म्हणून 'ओळीच्या आरंभी' नव्हे, 'फाइलीच्या आरंभी' असं म्हणावं लागतं. पहिली दोन बाइटं, तिसरं काही नाही. तरीही थोडी अव्याप्ती उरतेच. काही स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टच्या पोटात वाचल्या जातात, त्यांना पहिली ओळ लागत नाही.

यात आपल्या भाषेशी संबंधित दोन खड्डे आहेत, ते सांगून ठेवतो. मराठी मजकूर असलेली स्क्रिप्ट काही संपादकांत उघडून साठवली की ते फाइलीच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइटं घालतात, 'हा मजकूर युनिकोड आहे' असं सांगण्यासाठी. डोळ्यांना '#!' पहिलं दिसतं, गाभ्याला ते चौथ्या जागी दिसतं. स्क्रिप्ट चालत नाही आणि कारणही कळत नाही. दुसरा खड्डा नावांचा. आपण फाइलींना 'कोश भाग दोन' अशी मोकळी जागा सोडून नावं देतो. साधी नळी लावली तर पुढची आज्ञा ती तीन फाइलींची नावं समजू शकते. म्हणून फाइंडला नावांमध्ये शून्य हे बाइट घालायला सांगता येतं. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात दोनच बाइटं चालत नाहीत, तिरकी रेघ आणि हे शून्य. त्यामुळे गफलत होत नाही.

बरं, सरांच्या कोशाचं काय झालं?

मी आधी नावावरून शोधलं. काही नाही. मग परवान्यावरून शोधलं, तर आश्चर्य, हजारो फाइलींपैकी प्रत्येक फाइल चालवण्याजोगी! मला वाटलं, माझंच काही चुकलं. मग उलगडा झाला. पेनड्राइव्हवर जी साठवण्याची पद्धत असते, तिच्यात युनिक्सच्या परवान्यांना जागाच नसते. तिथे एक तर सगळ्यांना परवाना दिसतो, नाही तर कुणालाच नाही. मूळ यंत्रावरून इथे येताना परवाने वाटेत गळून पडले होते. राहिली पहिली ओळ. फाइंडला प्रत्येक फाइलीची पहिली दोन बाइटं तपासायला लावली आणि अकरा फाइली हाती आल्या. त्यातल्या एकीचं नाव नुसतं 'बदल'. तेही रोमन लिपीत, शेपूट-बिपूट काही नाही. आत पर्लमध्ये लिहिलेला अक्षरांचा भला मोठा तक्ता.

मला यातून एक गोष्ट शिकायला मिळाली. नाव इतरांनी दिलेलं असतं. परवाना व्यवस्थेने दिलेला असतो. घर बदललं की दोन्ही जाऊ शकतात. जे फाइलीच्या स्वतःच्या अंगात लिहिलेलं होतं, तेवढं तिच्याबरोबर आलं.

पण थांबा, लगेच भावुक होऊ नका. पहिली ओळ हा फाइलीने स्वतःबद्दल केलेला दावाच आहे. तो खरा कशावरून? माझ्याच बाबतीत त्या ओळीतला पर्लचा पत्ता जुना होता. माझ्या यंत्रावर त्या जागी पर्ल नव्हतं, दुसरीकडे होतं. पत्ता खोटा, भाषा खरी. आपल्याकडे हा जुना वाद आहे. ज्ञान स्वतःच प्रमाण असतं असं मीमांसक म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, त्याचं प्रामाण्य बाहेरून ठरतं. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरं ठरलं. या बाबतीत मी नैयायिकांच्या बाजूचा. स्क्रिप्ट चालवून बघावी. मात्र अनोळखी स्क्रिप्ट आधी वाचावी आणि मग मूळ फाइलींच्या प्रतीवर चालवावी. मृगजळ निघालं तर निदान घरचं पाणी सांडू नये.

मी प्रत केली, पत्ता दुरुस्त केला आणि कोशाच्या एका भागावर ती चालवली. पडद्यावर देवनागरी उमटलं. रफार बऱ्याच ठिकाणी चुकले होते, ते आम्ही दोघं अजून दुरुस्त करतो आहोत. तिच्यासमोर पहिला शब्द वाचता आला तो 'अनुमिति'. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. तुमच्या, तुमच्या आईवडिलांच्या, गुरुजनांच्या जुन्या डिस्क पडल्या असतील त्या बाहेर काढा. मजकूर वाचता येत नसेल तर तो टाकून देऊ नका. आजूबाजूच्या फाइलींत तो वाचणारी एखादी स्क्रिप्ट आहे का ते बघा. आणि स्वतः काही लिहून ठेवत असाल तर ते काय आहे, कुणी वाचायचं आहे, हे पहिल्याच ओळीत लिहा. आपण समजावून सांगायला नेहमी शेजारी असूच असं नाही.